खवय्यांचा ग्रुप

येणारंजाणारं कुणी नसलं तरी करंजा गावातली भामा रोज सकाळी ओटीवर चार खुर्च्या मांडायची. एके दिवशी त्या बघून पनवेलहून फिरायला आलेल्या अवधूतला वाटलं, खाणावळच आहे. "मावशी, जेवण मिळेल ना?" म्हणत तो बसलासुद्धा.

भामाला नाही म्हणवेना. तिचा मुलगा प्रणित तासाभरावरच्या खारघरात राहायला गेला त्याला दोन वर्षं झाली. गणपतीलाही फिरकला नव्हता. पण तिचा हात अजून दोघांपुरतंच रांधायचा. तिनं प्रणितचं कडेला चेपलेलं ताट पुसलं, त्यात कोलंबीचं कालवण, जवळ्याची चटणी नि तांदळाची भाकरी वाढली.

अवधूतनं आधी ताटाचा फोटो काढून खवय्यांच्या ग्रुपवर टाकला, मग बोटं चाटून जेवला. हात धुऊन येतो तर फोटोखाली ढीगभर कौतुक. तो हौसेनं तिला एकेक वाचून दाखवू लागला.

"आणि हा बघा, खारघरचा कुणी प्रणित म्हात्रे. म्हणतो, 'कसलं भारी दिसतंय! पत्ता पाठवा ना.' पाठवू का, मावशी?"

 

भामानं रिकामं ताट उचललं. "पाठवा की. म्हणावं, पत्ता हाय तोच हाय."