आकलनाचा रकाना

पाच वाजून पन्नास मिनिटांनी नळाला पाणी आले. पाण्याच्या दिवशी सुलक्षणाबाईंची सकाळ ठरलेली असे. आधी पिण्याचे दोन हंडे, मग मोरीतली टाकी, शेवटी अंगणातल्या कढीपत्त्याला एक बादली. साडेसहाला त्यांनी नळ बंद केला, बिनसाखरेचा चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलावर फैसलच्या परीक्षेचा फॉर्म उघडला. दहा वाजता तो कुरिअरने जायचा होता.

जळगावच्या कॉलेजात बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवून झाल्यावर त्या आता धुळ्याजवळच्या एका केंद्रासाठी वैमानिकांच्या इंग्रजीची परीक्षा घेत. परदेशात विमान उडवायचे, तर खाजगी वैमानिकाच्याही परवान्यावर भाषेचा सहापैकी किमान चौथा दर्जा लागतो. फॉर्मवर सहा रकाने होते : उच्चार, व्याकरण, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन, संवाद. त्यांतला सर्वांत कमी आकडा हाच माणसाचा दर्जा. सहाही रकान्यांत चार लिहिलेले होते, आणि अक्षर त्यांचेच होते.

त्यांनी मोबाइलवर शनिवारचे ध्वनिमुद्रण लावले. नियंत्रण कक्षाच्या भूमिकेतला त्यांचा आवाज इंग्रजीत भरभर सांगत होता : धावपट्टी बंद आहे, उतरू नका, तळ्याच्या उत्तरेला थांबा, इंधन किती उरले ते कळवा. मग स्वच्छ उच्चारात फैसल म्हणाला, “रॉजर, मॅडम.” समजले, मॅडम. इंधनाचे नाव नाही.

त्यानंतर त्यांचाच आवाज हळू झाला होता आणि प्रश्न सोपा. त्याला काही कळलेले नाही हे शनिवारीच त्यांच्या ध्यानात आले होते. पण केंद्रात सगळ्यांना ठाऊक होते की हा त्यांचा जुना विद्यार्थी; तो नापास झाला तर नाव त्यांचेच गेले असते. बाहेर येऊन त्यांनी त्याला सांगूनही टाकले होते, “झालं समज.”

बेल वाजली. दारात फैसल होता आणि त्याच्यामागे केळीचे खोके धरलेले त्याचे वडील, सावद्याचे केळीचे व्यापारी नजीरभाई.

“नाही म्हणू नका, मॅडम. घरच्या बागेतली आहे. आढीत पिकवली, औषध नाही मारलं,” असे म्हणत त्यांनी खोके टेबलापाशी ठेवले. “पुढच्या महिन्यात न्यूझीलंड. याच्या मामेभावानं तिथल्या विमानांच्या क्लबात सारं बोलून ठेवलं. मोठ्या विमानात तं सगळेच बसतात. पोरगा चालवतो अन् बाप शेजारी बसतो, असा सावद्यातून मी पहिलाच.”

“भीती नाही वाटत?”

“कशाची? याला एकदा सांगितलं की झालं. मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायची याला सवयच नाही.”

फैसल हसला. “अब्बा, मॅडमच्या वर्गात कोणाची हिंमत होती? ‘पुन्हा सांगा’ म्हटलं की तासभर बाकावर उभं. ‘कान घरी ठेवून आलास का?’ मी एकदाच उभा राहिलो. मग तीन वर्षं मला सगळं समजलं.”

नजीरभाई खळखळून हसले. सुलक्षणाबाईंना तो दिवस आठवेना. असे किती जणांना उभे केले असेल, हेही आठवेना.

“फैसल,” त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात इंग्रजीत बोलू लागल्या : वारा बदलला आहे, दुसऱ्या धावपट्टीकडे वळा, समोरून एक विमान येत आहे, ते दिसते का सांगा.

“येस, मॅडम.”

“काय सांगितलं मी?”

फैसलची नजर केळीच्या खोक्यावर उतरली. त्याचे कान लाल झाले.

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात, मॅडम.”

“तिथं विमानतळाच्या टॉवरमध्येही कुणीतरी बोलतच असेल.”

सुलक्षणाबाईंना फैसलकडे पाहवेना. नजीरभाईंकडे तर त्याहून नाही. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. आकलनाच्या रकान्यातल्या चारवर एक सरळ रेघ मारली, शेजारी तीन लिहिले. संवादाच्या रकान्यातही तेच केले. मग खाली, दर्जाच्या जागी. तिन्ही ठिकाणी सही केली, तारीख घातली. एका कोऱ्या कागदावर केंद्राला चार ओळी लिहिल्या : आधीचा दर्जा चुकीचा होता, चूक माझी आहे, पुढची परीक्षा कृपया दुसऱ्या परीक्षकाकडे द्यावी. दोन्ही कागद पाकिटात घालून त्यांनी ते चिकटवले.

“तिसरा दर्जा दिलाय,” त्या म्हणाल्या. “यावर परदेशात उडवता येणार नाही. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. मी शनिवारी तुला खोटं सांगितलं.”

“हो, मॅडम,” फैसल म्हणाला.

नजीरभाईंनी आधी मुलाकडे पाहिले, मग पाकिटाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू अजून पुरते गेले नव्हते. त्याचे काय करावे हे त्यांना कळत नसावे.

“हा तं हो म्हणतो,” ते म्हणाले. “पण मला नाही समजलं, मॅडम. पुन्हा सांगा.”

फैसलने दचकून वडिलांकडे पाहिले.

सुलक्षणाबाईंनी खुर्ची नजीरभाईंच्या जवळ ओढली आणि पहिल्यापासून, सावकाश सांगायला सुरुवात केली.