तिसरी ओवी

"आई, जरा वर बघून दळा ना," साधना मॅडम म्हणाल्या.

मथुराबाई हसल्या. "जात्यावर बसून कोणी वर पाह्यते का, मॅडम? नजर पिठात असते."

बाभुळगावजवळच्या त्या अंगणात सकाळपासून कॅमेरा मांडला होता. तंत्रशास्त्र विद्यापीठाला पन्नास वर्षं होत होती. विद्यापीठाचं नाव मोठं करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांवर साधना मॅडम एक फिल्म काढत होत्या, आणि त्यात उर्वशी होती. नद्यांवरचे रेल्वेपूल आखणारी उर्वशी, मथुराबाईंची थोरली लेक.

मॅडमना जातं हवं होतं. न्हाणीपाशी पडलेल्या त्याच्या दोन्ही दगडी तळ्या राजदीपनं, उर्वशीच्या धाकट्या भावानं, लोटत आणल्या, घासून धुतल्या, उन्हात वाळवल्या. आता तो पांढरा थर्माकोल हातात धरून उभा होता, मायच्या चेहऱ्यावर उजेड पाडत.

"याचं पीठ खायचं नाही बरं, मॅडम," समोर खुंटा धरून बसलेल्या शेजारच्या मानीबाई म्हणाल्या. "याले छिन्नीनं टाकी लावून जमाना झाला. दातात खडे येतीन."

"आपल्यालेच टाकी लावा लागते आता," मथुराबाई म्हणाल्या, आणि दोघी पदराआड हसल्या.

जातं फिरू लागलं. मुक्यानं दळायची त्या दोघींना सवय नव्हती. मथुराबाईंनी सूर धरला. पहिली ओवी बुद्धाची, दुसरी बाबासाहेबांची. एकीनं म्हणायची, समोरचीनं शेवटची ओळ उचलायची, म्हणजे गाण्याला आणि जात्याला दम लागत नाही.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "आता एक उर्वशीताईंच्या नावाची म्हणा ना."

जातं थांबलं.

"तसं नसते, मॅडम," मानीबाई म्हणाल्या. "तिसरी ओवी लेकाची. त्यात त्याचं नाव घेते. लेकीले नुसतं मैना म्हणते. मैनेले नाव नसते."

"मी लहानपणी इथंच बसत होती, पीठ भरायले," उर्वशी म्हणाली. ती दाराशी उभी होती. "रोज कान लावून. रोज राजदीपचंच नाव. एकदा विचारलं, माय, माझं काहून नाही येत? तर माय म्हणे, तुह्या सासूले सांगजो गायले."

सगळे हसले. उर्वशीही हसली.

"सांगतलं का मग सासूले?" मानीबाईंनी विचारलं.

"सासू कायची गाते, मावशी? तिच्या घरी मिक्सर आहे." मग ती मॅडमकडे वळली. "राहू द्या, मॅडम. मैनाच चालते. गाणं आहे ते, बदलत नसते."

आवाज हलकाच होता. पण शब्द संपल्यावरही ती मायकडेच पाहत राहिली, पीठ भरायला बसलेल्या त्या लहान पोरीसारखी.

मथुराबाईंनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही. त्यांनी ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात सोडली. खुंटा धरला. मानीबाईंनी धरला. दगडावर दगड घरघरला.

*दोन्ही थड्या नदी भरली, गाडी थांबेना काठाशी*

मानीबाईंनी मान डोलावली. ओळ नवी होती, चाल जुनी. मथुराबाईंनी तीच ओळ पुन्हा घोळवली, जरा सावकाश. पुढच्या शब्दावर पाय ठेवावा की नाही, असं पाहिल्यासारखं.

*पूल जिनं आखला, लेक माझी उर्वशी*

आता ओळ मानीबाईंनी उचलायची. पण त्यांचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. इतक्या वर्षांच्या दळणात या जागी त्यांच्या तोंडी हे नाव कधी आलं नव्हतं. हात मंदावला. जातं कुरकुरत, अडखळत थांबायला आलं. एकट्या मथुराबाई दोन्ही हातांनी ते ओढत होत्या. मान खाली, नजर पिठात. दाराशी उर्वशीनं चौकट धरली होती.

"मानीमावशी," राजदीप बोलला. "थांबल्या काहून? घ्या ना माह्या बाईचं नाव."

मानीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या जागी घेऊ?"

"मंग? पूल का मी बांधला?"

कॅमेऱ्यामागून आवाज आला, "भाऊ, मध्ये बोलू नका, परत घ्यावं लागेल." कोणी तिकडे पाहिलं नाही. मानीबाईंनी पदरानं तोंड पुसलं, खुंटा घट्ट धरला, आणि ओळ उचलली.

*पूल जिनं आखला, लेक माझी उर्वशी*

शूटिंग पाहायला कुंपणाशी जमलेल्या बायांतून एक आवाज त्यात मिसळला. मग आणखी एक. जात्याला वेग आला. पाळीवरून पांढरी धार झरू लागली.

"थर्माकोल, भाऊ, थर्माकोल!" कॅमेरावाला कुजबुजला. "आईंच्या तोंडावर अंधार आला."

थर्माकोल कलला होता. मायच्या चेहऱ्यावरचा उजेड सरकत सरकत दारापर्यंत गेला होता, उर्वशीच्या चेहऱ्यावर.

राजदीपनं तो तिथंच धरून ठेवला.