वहीतला पंप

आमच्या नगरपालिकेचं अनुदान दोन वर्षं अडकलं होतं, कारण आधीच्या लेखापालाने जमाखर्चाचा अहवालच पाठवला नव्हता. मी आल्यावर अहवाल चोख तयार केला. आता फक्त तपासनिसांची सही हवी होती.

ते पाणीपुरवठ्याच्या खोलीत आले, नोंदवही उघडली आणि पंपाकडे बघून म्हणाले, "हा कुठून आला?"

"जुना जळाला, साहेब. दुरुस्तीला पैसे नव्हते. शेवटी लोकांनीच वर्गणी काढून हा बसवला."

"बिल? ठराव?"

"घरोघरी नळ कोरडे पडले होते. ठराव कुठला करत बसणार?"

"वहीत जुनाच पंप आहे. वही आणि वस्तू जुळत नाहीत, म्हणजे अहवाल अपूर्ण. अपूर्ण अहवालाला अनुदान नाही."

"अहो, अनुदान नाही म्हणून तर लोकांनी…"

"मला पटतंय हो. पण 'पटलं' असं लिहायला रकाना नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "उद्या सकाळी येतो. वहीतला पंप जागेवर दिसला तर सही करतो. मग अनुदान येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही."

ते गेल्यावर मी कोपऱ्यातल्या जळक्या पंपावरची धूळ झटकली, फिटरला म्हटलं, "हा काढ, तो बसव," आणि घरी फोन लावला.



"आई, असतील नसतील तेवढी भांडी आजच भरून ठेव, शेजारीही सांग. उद्या आपला अहवाल मंजूर होतोय."