पायरीवरचे बूट

प्रागच्या चौकातलं जुनं घड्याळ वाजू लागलं, तसे सगळ्यांनी फोन वर धरले. फोटो काढून मी वळले, तर शेजारी आई नव्हती. हल्ली तिला घरचा पत्ताही आठवत नाही. हॉटेलचं नाव कुठून आठवणार?

पाऊण तास मी गल्ल्या धुंडाळल्या. पोलिसाला तिचा फोटो दाखवला.

मग एका छोट्या चर्चच्या पायरीवर तिचे जांभळ्या नाडीचे बूट दिसले, भिंतीकडे नीट सरकवलेले, आत मोज्यांची घडी. देवाच्या दारात पायातलं काढायला आई अजून विसरली नव्हती.

आत ती अनवाणी बसली होती. "किती शोधायचं गं तुला?" ती रागावली. "बाहेर माझे बूट आहेत ना?"

"आहेत," म्हणत मी खाली बसले आणि तिचे गार पाय हातांत घेतले.