बाईंचा विद्यार्थी

"अहो, उडू नका! जाळी पायांनी दाबा. नजर समोर!"

अण्णांनी दांडी घट्ट धरली आणि नजर समोर नेली. समोर बाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. जन्मभर शाळेत कसरत शिकवलेल्या बाई. अण्णांची बायको.

बाहेरच्या खोलीतली ती छोटी, गोल ट्रॅम्पोलिन, म्हणजे धरायला दांडी असलेली उड्यांची ताणलेली जाळी, डॉक्टरीणबाईंनी घ्यायला लावली होती. घड्याळं दुरुस्त करत बसून बसून अण्णांचे पाय दगड झाले होते. न्हाणीघरात दोनदा तोल गेला होता. "उंच उड्या नकोत, नुसतं हलकं डुलायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांध्यांना धक्का बसत नाही आणि पाय बळकट होतात." अण्णांना व्यायामाचा भारी कंटाळा. ट्रॅम्पोलिन आपली भिंतीला टेकून पडून राहिली.

तोवर विसरण्याच्या आजारानं बाईंना नवऱ्याची ओळख उरली नव्हती. घरात वावरणाऱ्या या म्हाताऱ्याला त्या बिचकायच्या. तो जवळ आला की खोलीत जाऊन आतून कडी लावायच्या. एका सकाळी अण्णा चाचपडत जाळीवर चढले आणि बाई ताडकन उठल्या. "असं नाही! कुणी शिकवलं तुम्हाला?" आवाज तोच, जुना. त्यांनी अण्णांचा दंड धरला. कितीतरी महिन्यांनी धरला.

त्यानंतर अण्णांनी एकही सकाळ चुकवली नाही. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. झोप गाढ लागू लागली. "अण्णा, या वयात हे काय खूळ?" मुलगी फोनवर विचारायची. ते नुसते हसायचे. बाई त्यांना 'अहो' म्हणत होत्या. परक्या माणसालाही 'अहो'च म्हणतात, हे ते मनावर घेत नसत.

आज बाई म्हणाल्या, "दांडी सोडा. आता एका पायावर."

अण्णा एका पायावर उभे राहिले. जाळी हलली, ते हलले नाहीत. बाईंनी टाळी वाजवली.

"शाब्बास! झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका."

अण्णांनी पुन्हा दांडी धरली. "अजून थोडं शिकवा ना, बाई."

"आता काय शिकवू? चांगले ठणठणीत झालात. घरी बायको आहे ना?"

"आहे."

"मग तिच्याजवळ बसा जरा. रोज उठून इथे येता, ती बिचारी एकटी वाट बघत असेल."

बाईंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि हसून दार लावून घेतलं.

अण्णा स्वतःच्याच दाराबाहेर अनवाणी उभे राहिले. खिशात किल्ली होती. पण किल्लीनं दार उघडलं असतं, तर आत पुन्हा तो परका म्हाताराच शिरला असता. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि बेल दाबली.

"कोण हवंय?" बाईंनी दाराच्या फटीतून विचारलं.

अण्णांनी चौकट धरली. बळकट झालेले पाय मुद्दाम लटपटवले. "बाई, माझा तोल जातो हो. तुम्ही शिकवता असं ऐकलं."

दार सताड उघडलं. बाईंनी पुढे होऊन त्यांना आधार दिला.

"या, सावकाश. अशा अवस्थेत एकटे आलात? घरी कुणीच नाही तुमच्या?"

"नाही," अण्णा म्हणाले. "कुणीच नाही."