जिथे काहीच बुडत नाही

रमाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि कमरेला खोचलेला कुंकवाचा करंडा चाचपून पाहिला. आत कुंकू नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचं, गंगाधररावांचं बोटाच्या पेराएवढं हाड होतं. रायपूरच्या विमानतळावर तपासणाऱ्या पोरीने करंडा उघडला, तेव्हा रमाबाईंनी "दवाई है, बेटा" म्हणून थाप मारली होती आणि ती पचलीही होती.

"आई, ज़्यादा आगे मत जाना," काठावरून भार्गव ओरडला. "यहाँ पैर अपने आप उठ जाते हैं."

"हव, हव! येथंच आहो मी."

भार्गव त्यांचा मुलगा, नोकरीला जॉर्डनमधे, अम्मानला. आईला एका दिवसात सगळं दाखवायचं त्याने मनावर घेतलं होतं. सकाळी तो डोंगर झाला, जिथून देवाने मुसाला, म्हणजे मोझेसला, त्याचा देश लांबून दाखवला आणि तिथेच मरण दिलं. "दाखवलं अन् जाऊ नाही देल्लं? काहून पण?" रमाबाईंनी विचारलं होतं. मग येशूच्या स्नानाची नदी झाली. रायपूरच्या खारून नदीच्या निम्मीही नव्हती, पण काठावर पांढऱ्या अंगरख्यातली गर्दी आणि बंदूकवाले शिपाई. तिथे करंडा काढायची सोय नव्हती. आता हा मृत समुद्र. चहूकडे भाजलेले उघडे डोंगर, मधे शिशासारखं जड पाणी, आणि आभाळात एक पाखरू नाही.

रमाबाईंना आज काम उरकायचंच होतं. गंगाधररावांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण ते गेले नव्हते. चौबे कॉलनीतल्या घरात सकाळी व्हरांड्यात त्यांचा खोकला ऐकू यायचा. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या, की पलंगाची दुसरी बाजू हळूच दबायची. रमाबाईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना आता थोडं एकटीनं जगायचं होतं. यात लाज वाटावी असं काही नाही. पण त्यांना वाटत होती.

दहाव्याला महादेव घाटावर कावळा पिंडाला शिवला नव्हता. आईला सांभाळीन, असं भार्गवने हात जोडून सांगितलं. घर विकू देणार नाही, असं दिराने सांगितलं. कावळे आपले पिंपळावर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. "दादाले समुद्र पाहाचा होता, थो राह्यला," घरी नणंद वनमाला म्हणाली, आणि रमाबाईंनी ते घट्ट धरून ठेवलं. राजिमच्या संगमावर अस्थी सोडल्या, त्यातला एक तुकडा त्यांनी मागे ठेवून घेतला.

भार्गवकडे पाठ करून त्यांनी करंडा उघडला आणि हाड पाण्यात सोडलं.

"घ्या. पाहा समुद्र."

हाड तरंगलं. हातभर पुढे गेलं, थबकलं, आणि वारा नाही, लाट नाही, तरी परत येऊन त्यांच्या पायाला टेकलं. त्यांनी ते ढकललं. ते पुन्हा आलं. त्यांनी तळव्याखाली दाबून धरलं, तर खालून ते तळव्यावर रेटा देऊ लागलं. हात काढताच वर.

"भार्गव, हे पानी काही बुडू देत नाही काय रे?"

"यही तो बात है, आई!" तो हसला. "आदमी चाहे, तो भी नहीं डूबता."

रमाबाईंनी पायाशी टेकलेल्या हाडाकडे पाहिलं. जन्म नद्यांच्या मुलखात गेला. अस्थी पाण्यात सोडली की जाते, एवढंच ठाऊक. आणि विमानात बसून, खोटं बोलून आणली कुठे, तर काहीच पोटात न घेणाऱ्या पाण्यात!

मग घाटावर पुरुषांनी जे केलं, तेच त्या करू लागल्या.

"अहो, घर नाही विकत मी." हाड पायाशीच. "वनमालाले अंतर नाही देत." तिथेच. "तुमच्या नातीचं लग्न धूमधामनं करून देतो आम्ही." ते जरासुद्धा हललं नाही. "मंग काय राह्यलं तुमचं? सांगा न बाप्पा!"

काय राहिलं होतं ते त्यांना माहीत होतं. दहाव्यापासून माहीत होतं. घाटावर बायका जात नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

ऊन माथ्यावर रणरणत होतं आणि पायांना मात्र गारठा चढत होता. रमाबाईंनी रिकामा करंडा कमरेला खोचला. मग हट्टी पोराची समजूत काढावी तशा हळूच म्हणाल्या, "बरं. मी पण येते. लवकरच येते."

हाड बुडालं. डुचमळलं नाही, फिरलं नाही. सरळ खाली गेलं. रमाबाईंनी वाकून तळ चाचपला. हाताला मिठाचे खडे लागले, दुसरं काही नाही.

"हो गया, आई?"

"झालं."

त्या काठाकडे निघाल्या. दीड वर्षात पहिल्यांदाच अंग हलकं वाटत होतं. चार पावलं गेल्यावर मनात आलं, लवकर म्हणजे केव्हा, हे बोलायचं राहिलंच. आणि वाट पाहणं गंगाधररावांना कधी जमलं नव्हतं. गोलबाजारात जरा रेंगाळलं, की ते स्वतःच न्यायला यायचे. हाकसुद्धा मारायचे नाहीत. मागून येऊन दंड धरायचे.