दुखणे: शून्य

अप्पांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि उशाशी मॉनिटरच्या पडद्यावर लिहिलं होतं, ‘दुखणे: शून्य’.

“सिस्टर, इंजेक्शन द्या,” त्यांची मुलगी वैजयंती तिसऱ्यांदा म्हणाली.

“ताई, दुखण्याचा आकडा चारच्या वर गेल्याशिवाय औषधाचं कपाट उघडतच नाही. पेशंटला विचारून औषध द्यायची पद्धत कधीच बंद झाली.”

“माणूस तुमच्यासमोर कण्हतोय. कान आहेत ना तुम्हाला?”

वैजयंतीची उभी हयात रस्ट या संगणकभाषेत आकडेमोडीच्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरले जाणारे तयार कोड, लिहिण्यात गेली होती. तिने तणतणत लॅपटॉप काढून पडद्याला जोडला. अप्पांच्या कपाळावरच्या, दुखणं मोजणाऱ्या पट्टीकडून आकडा येतच नव्हता, आणि पट्टी व पडद्याच्या मधली लायब्ररी त्या रिकाम्या जागी बिनदिक्कत शून्य भरत होती.

“दुखतंय की नाही ते माहीत नाही, म्हणून दुखत नाही?” ती कडाडली. “कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”

तिने ती ओळ उघडली. शेजारी टीप होती: ‘आकडा नसेल तर शून्य धरा, प्रोग्राम कोसळत नाही.’ खाली लिहिणारीचं नाव होतं. सात वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ वैजयंतीला लख्ख आठवली. चाचणीत प्रोग्राम सारखा कोसळत होता आणि तिला घरी जायची घाई होती.

“सापडला का गं तो गाढव?” अप्पांनी दात आवळून विचारलं.

“सापडली,” ती म्हणाली, आणि सलाईनचा रिकामा स्टँड उचलून औषधाच्या कपाटाच्या काचेकडे निघाली.